बाबांना उठवायचं नाही

शाळेचा निरोप संध्याकाळी आला, मी कामावरून येऊन दारात चपला काढत होते तेव्हा. 'पाण्याच्या टाकीच्या सफाईसाठी उद्या शाळा बंद राहील. पालकांनी नोंद घ्यावी.' घेतली नोंद. पालकांना दुसरं काम काय असतं? नोंदी घ्यायच्या आणि गप्प बसायचं. निरोपाखाली बऱ्याच जणांनी उभे अंगठे दाखवले होते. कसलं कौतुक वाटलं एवढं, देव जाणे.

मी तिथूनच वर्गशिक्षिकेला फोन लावला.

"टीचर, टाकी काय आज दुपारी अचानक घाण झाली का?"

"अहो, मलाही आत्ताच कळलंय," त्या म्हणाल्या. "वरून निर्णय आलाय."

"मग रविवारी धुवा ना."

"रविवारी माणसं मिळत नाहीत म्हणे."

म्हणजे टाकी धुणाऱ्यांची रविवारची सुट्टी जपायची, म्हणून माझ्या पोरीला मंगळवारी घरी बसवायचं. त्या बिचाऱ्या बाईवर ओरडून काही होणार नव्हतं, पण ओरडायला दुसरं कोणी सापडतच नाही, हीच तर रड आहे. निर्णय नेहमी वरून येतो आणि वर कोण बसलंय ते कोणी सांगत नाही.

वर्षाच्या मोठ्या सुट्टीबद्दल माझी तक्रार नाही. ती आधीपासून ठाऊक असते, तिची काहीतरी सोय लावता येते. जीव खातात त्या या मधल्या. शिक्षकांचं प्रशिक्षण, एक दिवस बंद. संस्थापकांचा स्मृतिदिन, एक दिवस बंद. कुठल्याशा परीक्षेचं केंद्र शाळेत आलं म्हणून अर्धा दिवस, आणि अर्धा दिवस तर पूर्ण दिवसापेक्षा वाईट, कारण मूल नेऊन सोडून आपण कामावर पोचतो ना पोचतो तोवर ते परत आणायची वेळ होते. आज शाळा आहे, उद्या नाही, परवा आहे, तेरवा विचारून सांगतो. शाळेला मेली कायमची उचकी लागलेली.

आता आमच्या घराचं सांगते, म्हणजे मी एवढी का पेटते ते कळेल. माझा नवरा दुधाचा टँकर चालवतो. गावोगावचं दूध एका ठिकाणी गोळा होतं, ते रात्रीतून शहरातल्या डेअरीत पोचवायचं. तो घरी येतो तेव्हा मी डबे भरत असते. मी पोरीला शाळेत सोडून कामावर जाते, तो झोपतो. दुपारी उठून तिला आणतो, जेवायला घालतो, अभ्यासाला बसवतो. संध्याकाळी मी येते, रात्री तो निघतो. आम्ही नवराबायको रोज दोनदा दारात भेटतो. "हा संसार आहे की पहारेकऱ्यांची बदली?" असं माझी नणंद चेष्टेनं म्हणते. म्हणू दे. पण या सगळ्यात पोर एक क्षणही एकटी राहत नव्हती. फक्त शाळा चालू राहायला हवी होती.

मी औषधांच्या कारखान्यात आहे, गोळ्यांची पाकिटं भरतात त्या लाइनवर. आत जायचं तर अंगावरचे कपडे बदलून डोक्यापासून पायापर्यंत पांढरं चढवायचं. घड्याळ, अंगठी, फोन, सगळं बाहेरच्या कपाटात. मग दोन दारं. पहिलं मिटल्याशिवाय दुसरं उघडत नाही. एकदा आत गेलं की जेवणाच्या सुट्टीपर्यंत बाहेर आग लागली तरी आपल्याला कळायचं नाही. एक बाई कमी असली की पट्टा हलत नाही, म्हणून रजा हवी असेल तर आठवडाभर आधी सांगायचं. शाळा सांगणार आदल्या संध्याकाळी आणि मी सांगायचं आठवडाभर आधी. आता मी काय ज्योतिषी आहे?

हे मी सुपरवायझर बाईंना एकदा तोंडावर विचारलं होतं. त्या म्हणाल्या, "कारखाना तुमच्या शाळेच्या तालावर चालत नाही. माझीही दोन मोठी झालीच की. मी नाही का सांभाळली?"

"तुम्ही ड्यूटीवर असताना कोणाकडे असायची?"

"सासूबाई होत्या ना."

"मग सासूबाईंनी सांभाळली म्हणा," मी म्हटलं.

माझ्या जिभेला हाड नाही, हे मला माहेरीही ऐकवायचे. त्या दिवसापासून बाई माझ्यावर दात धरून आहेत. माझी सासू लांब, मोठ्या दिरांकडे. आई नाही. खालच्या मजल्यावरच्या आजी अडीअडचणीला पोरीला घ्यायच्या, पण त्यांना त्यांचा मुलगा घेऊन गेला. राहिली नणंद, ती विमा कंपनीत. तिला फोन केला की तिचं एकच.

"अगं, तो घरीच तर असतो दिवसभर."

"ताई, तो झोपलेला असतो."

"असू दे की झोपलेला. घरात एक मोठं माणूस असलं की झालं. पोर काही तान्ही नाही."

झोपलेलं मोठं माणूस म्हणजे मोठं गाठोडं, हे तिला कोण सांगणार? पण सगळे असंच धरून चालतात. दिवसा घरात दिसतो तो माणूस रिकामाच. शेजारचे त्याच्याकडे किल्ल्या ठेवतात, गॅसवाला त्याला उठवतो, सोसायटीचा सेक्रेटरी गच्चीच्या गळतीसाठी त्याची दारं बडवतो. रात्रभर तो जागा होता, हे कोणाच्या खिजगणतीत नसतं, कारण तेव्हा हे सगळे ढाराढूर झोपलेले असतात.

आणि मधल्या सुट्ट्यांना मग काय व्हायचं? तो झोपायचाच नाही. आमच्या पोरीला आम्ही भिंगरी म्हणतो. आहे सात वर्षांची, दुसरीत, पण पाय लागले तेव्हापासून एका जागी टेकलेली नाही. बाबा घरात आहेत म्हटल्यावर तिच्या अंगात यायचं. घोडा घोडा, लपाछपी, हे बघा आणि ते बघा. त्यालाही कौतुक. दिवसभर खेळायचा आणि रात्री तसाच गाडीवर जायचा. मी ओरडायचे, तो म्हणायचा, "एका दिवसानं काय होतंय?"

झालं ते असं. प्रशिक्षणाच्या सुट्टीचा दिवस होता. त्या रात्री भरला टँकर चालवताना त्याचा डोळा लागला. गाडी रस्ता सोडून खाली उतरली आणि खांबाला घासून थांबली. खांब नसता तर पुढे कालवा होता. सकाळी तो घरी आला तेव्हा चेहऱ्यावर रक्ताचा थेंब नव्हता. स्वयंपाकघरातल्या स्टुलावर बसून त्यानं मला सगळं सांगितलं, आणि मी घाबरले की मला रागच येतो, म्हणून मी त्याला वाट्टेल ते बोलले. "झोपला नाहीस तर मरशील एक दिवस," मी म्हटलं. "चाकावर पेंगत मरशील आणि आम्हाला रस्त्यावर आणशील." कंपनीनं त्याला सांगितलं, पुन्हा असं झालं तर गाडी मिळणार नाही. मला गाडीचं काही नव्हतं. मला तो कालवा डोळ्यांसमोर दिसत होता.

त्या दिवशी मी कानाला खडा लावला आणि भिंगरीला समोर बसवली.

"बाबा झोपले की त्यांना उठवायचं नाही. हूं की चूं करायचं नाही. कळलं?"

"भूक लागली तर?"

"डबा भरून ठेवीन."

"कोणी बेल वाजवली तर?"

"वाजवू दे. दार उघडायचं नाही. काहीही झालं तरी बाबांना उठवायचं नाही."

काहीही झालं तरी. माझ्याच तोंडचे शब्द. ठासून तीनदा म्हणून घेतले तिच्याकडून.

आणि पोर शिकली हो. अशी शिकली की बघणाऱ्यानं तोंडात बोट घालावं. घरात मोजे घालून चालायची. टीव्हीचा आवाज बंद करून चित्रंच बघायची आणि कोण काय म्हणालं असेल ते मनात रचायची. शिंक आली तर नाक दाबून उशीत डोकं खुपसायची. पाणी पिताना पेला खाली ठेवायच्या आधी खाली रुमाल घालायची. नणंद एकदा येऊन बघून गेली आणि म्हणाली, "काय शहाणी पोर आहे गं. तू उगाच ओरडत असतेस." मलाही अभिमान वाटला, खोटं कशाला बोलू? वाटलं, सुटला आपला प्रश्न. आता शाळेनं घालू दे काय घोळ घालायचा तो.

तर टाकीच्या सफाईचा तो मंगळवार. सकाळी नवरा आला, अंघोळ करून आडवा झाला. मी डबा भरला, सफरचंदाच्या फोडी केल्या, बिस्किटं काढली, चित्रांची वही आणि रंग काढून दिले. जुना फोन थरथरण्यावर ठेवून तिच्या फ्रॉकच्या खिशात घातला. ती दारापर्यंत आली आणि ओठांवर बोट ठेवून मलाच गप्प राहायची खूण केली. मी हसत जिना उतरले.

जेवणाच्या सुट्टीत सगळ्याजणी कपाटांपाशी गर्दी करतात, कारण तेवढाच वेळ फोन हातात येतो. मी फोन लावला. तिनं लगेच उचलला.

"हॅलो," अगदी कुजबुजून.

"काय करतेस?"

"बसलेय."

"डबा खाल्लास?"

"नाही."

"का गं? भूक नाही?"

"नंतर खाते." मग जरा थांबून, "आई, बाबा कधी उठतील?"

"छोटा काटा चारवर आला की. का?"

"काही नाही."

"शहाणी गं माझी," मी म्हटलं. मागची बाई माझ्या खांद्यावरून आपल्या कपाटाला हात घालत होती. मी फोन ठेवला, टोपी चढवली, पुन्हा दोन दारांतून आत गेले. पट्टा सुरू झाला. पोर बसलेय म्हणाली, भिंगरी बसलेय म्हणाली, आणि मला आईला काही कळलं नाही. मी पाकिटं मोजून खोक्यात भरत राहिले.

सुटायच्या वेळेला मी दारातून बाहेर पडत होते तेव्हा सुपरवायझर बाई म्हणाल्या, "तुझ्या घरून फोन होता. दोनदा आला. मुलगी पडलीय म्हणे."

"कधी आला फोन?"

"मघाशी. लाइन चालू होती ना."

"मग मला सांगितलं का नाही?"

"पट्टा मध्येच थांबवता येत नाही, तुला काय नवीन आहे का? आणि पडली म्हणाले फक्त. मुलं पडतातच."

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. असं वाटलं, बाईची मानगूट धरावी आणि त्या दोन दारांच्या मध्ये कोंडून ठेवावी. मी डोक्यावरची टोपी काढून तिच्या हातात कोंबली.

"उद्या मी येणार नाही," मी म्हटलं. "आठवडाभर आधी सांगायचं राहून गेलं. माझी पोर पडणार आहे हे मला कोणी कळवलं नव्हतं."

ती काहीतरी बोलत होती. मी ऐकायला थांबले नाही.

नवऱ्यानं फोनवर सांगितलेल्या दवाखान्यात पोचले तेव्हा भिंगरी पलंगावर टेकून बसली होती. उजवा हात मांडीवर ठेवलेला, कोपराजवळ टम्म सुजून काळानिळा पडलेला. खालच्या ओठावर दातांचे वण होते, खोल, रक्त सुकलेले. डोळ्यांत टिपूस नाही. नवरा शेजारी उभा होता, एका पायात चप्पल आणि एका पायात नाही.

"गजर झाला, उठून बाहेर आलो," तो मला सांगायला लागला, "तर ही भिंतीला टेकून बसलेली. मला म्हणाली, बाबा, झोप झाली का? मी म्हटलं हो. मग म्हणाली, माझा हात बघता का जरा."

डॉक्टर तरुण होता, घाईत होता. त्यानं तिची बोटं एकेक करून दाबली. "इथे हात लावला की कळतं?" ती मान हलवून नाही म्हणाली. "अंगठा वर कर बघू." अंगठा जागचा हलला नाही. त्याच्या कपाळाला आठी पडली.

"पडली कधी?"

"मी चार वाजता उठलो तेव्हा..." नवरा म्हणाला.

"सकाळी," भिंगरी म्हणाली. "बाबा नुकतेच घोरायला लागले होते तेव्हा."

डॉक्टरनं तिच्याकडे बघितलं, मग आमच्याकडे. "सकाळपासून अशी बसली आहे ही? तुटलेलं हाड नसेवर दाबून बसलंय. लगेच आणली असती तर गोष्ट वेगळी होती. आज बेशुद्ध करून हाड बसवावं लागेल. बोटांचं मी आत्ता काही सांगू शकत नाही." मग तो पोरीपाशी वाकला. "अगं, मग बाबांना हाक का नाही मारलीस?"

ती माझ्याकडे बघायला लागली. चुकलं का काही, असं विचारतात तसं.

"काहीही झालं तरी उठवायचं नाही," ती म्हणाली.

कशी पडली तेही तिनंच सांगितलं. रंगांची दुसरी पेटी वरच्या फळीवर होती. ती काढायला स्टूल ओढायचं होतं. स्टूल ओढलं की फरशीवर आवाज होतो, म्हणून तिनं आधी चादरीची घडी घातली आणि तिच्यावर स्टूल ठेवलं. वर चढल्यावर चादर सरकली. आवाज झाला नाही, कारण स्टूल चादरीवरच आडवं झालं, आणि ही हातावर पडली. स्वयंपाकघर आणि झोपायची खोली यांच्यामध्ये एक भिंत आहे फक्त. तिच्या एका हाकेवर तो धावत आला असता.

"फार शूर आहे हो तुमची मुलगी," डॉक्टर जाता जाता म्हणाला.

"शूर नाही ती," मी म्हटलं. माझा आवाज सगळ्या खोलीत घुमला असणार, कारण पलीकडच्या पलंगावरची माणसं वळून बघायला लागली. "तिला रडायची बंदी केलीय आम्ही. शूर म्हणू नका तिला."

तिला आत नेलं. आम्ही दोघं बाहेरच्या बाकावर. इतक्यात नणंद आली, ऑफिसची पर्स खांद्याला, दम लागलेला. आल्या आल्या म्हणाली, "घरात अख्खा माणूस असून असं कसं झालं गं?"

मी उभी राहिले. "ताई, हाच माणूस दिवसभर रिकामा असतो असं तुम्हीच सांगत होता ना सगळ्यांना?"

"मी काय वाईट बोलले? काळजीनंच विचारतेय."

"काळजी होती तर एक दिवस घेऊन जायचं होतं तिला. किती वेळा विचारलं मी. दर वेळेला हात वर केलेत."

"मलाही नोकरी आहे," ती म्हणाली, आणि तिचा आवाज कापला. "मी तरी कुठे ठेवणार होते तिला? टेबलाखाली?"

खरंच होतं ते. तिची लेक लहान होती तेव्हा तीही अशीच सगळ्यांच्या गळ्यात पडत फिरायची, मी बघितलंय. ती रुमालानं डोळे पुसत बाकाच्या दुसऱ्या टोकाला जाऊन बसली. जरा वेळानं नवरा हळू आवाजात म्हणाला, "तू तिला असं सांगायलाच नको होतंस."

"आणि तू कालव्यात गेला असतास तर?"

"मी तिथेच होतो गं. भिंतीच्या पलीकडे. ती तिथे दात आवळून बसलेली आणि मी घोरत होतो."

"मग मी काय करायला हवं होतं?" मी विचारलं. "सांग ना. शाळा बंद, रजा नाही, तुझी झोप मोडायची नाही, पोर एकटी ठेवायची नाही. तू सांग, मी काय करायला हवं होतं?"

तो नुसता कपाळावर मुठी मारत बसला. मी त्याचे हात धरले आणि तशीच रागात धरून ठेवले, सोडले नाहीत.

हाड बसलं. आत तारा घातल्या. डॉक्टर म्हणाला, नस तुटलेली नाही, दबली होती. बोटं हलतील असं वाटतंय, पण किती आणि कधी ते आत्ता सांगत नाही. नवऱ्यानं कंपनीला फोन करून गाडी नाही म्हणून सांगितलं. पलीकडून काय ऐकवलं ते त्यानं मला सांगितलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी औषधं आणायला खाली गेले होते. खिडकीवरच्या माणसानं मला चार वेळा चिठ्ठी फिरवायला लावली, त्याच्याशी वाजलं, आणि तशीच धुमसत वर आले. बघते तर नवरा तिच्या पलंगाशेजारच्या खुर्चीत झोपून गेला होता. मान एका बाजूला पडलेली, तोंड उघडं. रात्रभर डोळ्याला डोळा लागला नव्हता त्याचा. आणि भिंगरी जागी होती. प्लास्टरचा हात उशीवर, चेहरा पांढरा फटक. तेच दात त्याच ओठात रुतलेले.

"दुखतंय?" मी विचारलं.

तिनं मान डोलावली. डोळे आभाळाएवढे झाले होते.

"खूप?"

पुन्हा मान.

"अगं मग बाबांना सांगायचं ना. इथेच तर आहेत. हात लांब केलास तर पोचेल. किंवा रड मोठ्यानं, नर्स येईल. रड तू. मी सांगतेय."

तिनं चांगल्या हाताचं बोट ओठांवर ठेवलं.

मग मला राहवलं नाही. मी नवऱ्याचा खांदा धरून गदागदा हलवला. "ऊठ, ऊठ आधी, पोर दुखण्यानं तळमळतेय." तो दचकून उठला, खुर्ची मागे कलंडली आणि फरशीवर धाडकन आपटली.

आणि भिंगरी रडायला लागली. हात मोडल्यापासून पहिल्यांदा. साधं रडणं नाही, हंबरडा. सगळा वॉर्ड गोळा झाला. नर्स धावत आली, नवरा "काय झालं राजा, काय झालं" म्हणत तिच्यावर वाकला. मला आधी बरंच वाटलं, रडतेय तर रडू दे, एवढं साठलंय ते निघू दे. पण ती त्याच्याकडे बघतच नव्हती. ती माझ्यावर ओरडत होती.

"तू का उठवलंस त्यांना?" ती म्हणाली. हुंदक्यांतून शब्द नीट फुटत नव्हते. "कशाला उठवलंस? झोपले नाहीत तर ते मरतील ना चाकावर. तूच म्हणालीस. मी ऐकलं. मी काल किती सांभाळून झोपू दिलं त्यांना."

नर्सच्या हातात सुई तशीच राहिली. मी म्हणत होते, नियम शिकली, शहाणी झाली. ती नियम पाळत नव्हती. मोडलेला हात मांडीवर घेऊन ती दिवसभर भिंतीला टेकून बसली होती, बापाला मरू द्यायचं नाही म्हणून.

नवऱ्यानं तिचं डोकं छातीशी धरलं. "मी नाही मरत, राजा," तो म्हणाला. "मी गाडीवर जातच नाहीये आज. बघ, इथेच आहे."

तिचे हुंदके जरा कमी झाले. नर्सनं सुई टोचली, तिला कळलंही नाही. तिनं नाक पुसलं आणि त्याच्या डोळ्यांत बघून विचारलं, "आणि उद्या?"

"उद्याही नाही."

"मग कधी जाणार?"

त्यानं माझ्याकडे बघितलं. मी जन्मात कोणाला उत्तर द्यायची राहिले नव्हते. सुपरवायझरला दिलं, नणंदेला दिलं, औषधाच्या खिडकीवरच्या माणसालाही आत्ताच देऊन आले होते. ही विचारत होती आणि मी पडलेली खुर्ची उचलून नीट लावत बसले.

"सोमवारी," शेवटी तो म्हणाला.

"सोमवारी शाळा आहे?" तिनं मला विचारलं.

"माहीत नाही," मी म्हटलं.